द्रावणं आणि अभिक्रिया : शाळेतल्या रसायनशास्त्राची उजळणी

पुनश्च_हरिओम

शाळा सुटली आणि विज्ञानही सुटलं. आता भाचीची परीक्षा जवळ आली आहे आणि तिला रसायनशास्त्र शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून पुस्तक पुन्हा उघडलं. व्याख्या वाचताना काही अडत नाही. द्राव्य, द्रावक, संपृक्त, उदासिनीकरण, दुहेरी विस्थापन, सगळं ओळखीचं वाटतं. उदाहरण सोडवायला घेतलं की मात्र पेन थांबतं.

सध्या अडलेल्या जागा अशा:

– १ मोलार सोडियम क्लोराइडचं द्रावण म्हणजे १ लीटर पाण्यात ५८.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड टाकायचं ना? भाचीने तसंच लिहिलंय आणि त्यावर लाल फुली आहे.

– पुस्तकात 'विरल हायड्रोक्लोरिक आम्ल' आहे आणि दोन ओळींनंतर तेच 'तीव्र आम्ल' आहे. विरल आहे तर तीव्र कसं?

– दोन द्रावणं एकत्र केली की आयनांच्या (प्रभार असलेल्या कणांच्या) जोड्या बदलून समीकरण लिहायचं, एवढं कळलं. पण काही ठिकाणी उत्तर 'अभिक्रिया होत नाही' असं आहे. हे आधी कसं ओळखायचं? पाठच करायचं का?

जाणकारांनी समजावून सांगावं. सूत्रं नकोत, ती पुस्तकात आहेत.

हिशेबी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. मोलॅरिटी म्हणजे १ लीटर *द्रावणात* किती मोल (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या, सोडियम क्लोराइडचा १ मोल ५८.५ ग्रॅम भरतो). १ लीटर पाण्यात नव्हे. फुली बरोबर आहे.

पुनश्च_हरिओम

हिशेबी, धन्यवाद. पण ५८.५ ग्रॅमने असा कितीसा फरक पडणार?

प्रयोगवही

इथे फार नाही पडणार, दोनेक टक्के. पण तेवढ्या फरकाने अनुमापनाचं (माहीत असलेलं द्रावण थेंब थेंब घालून दुसऱ्यात किती पदार्थ आहे ते मोजण्याचं) उत्तर चुकतं, म्हणून प्रयोगशाळेत कुणी १ लीटर पाणी मोजून घेतच नाही. आधी ५८.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड चंचुपात्रात थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचं, चंचुपात्र दोनतीनदा धुऊन ते धुतलेलं पाणीही फ्लास्कमध्येच घालायचं आणि शेवटी मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरने. डोळा खुणेच्या पातळीत हवा आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकलेला हवा. बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटसुलट करायचा, नाहीतर तळाशी दाट आणि मानेत पातळ असं द्रावण राहतं. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

पाणी किती लागलं याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण त्या आकड्याचा उपयोगच नसतो.

शंकासुर

आणि घनफळांची बेरीज होते असं कुणी समजू नये. ५० मिली पाणी आणि ५० मिली इथेनॉल एकत्र करा, १०० मिली भरत नाही. ९६-९७ मिलीच्या आसपास भरतं. कुठे गेलं उरलेलं?

प्रयोगवही

कुठेही गेलेलं नाही, वजन करून बघा. वस्तुमान तेवढंच भरेल. दोन्ही प्रकारचे रेणू एकमेकांना धरून जास्त दाटीने बसतात म्हणून घनफळ कमी होतं. याच कारणासाठी 'इतकं पाणी घाला' असं न सांगता 'इथपर्यंत भरा' असं सांगतात.

ओघात आलंय म्हणून सांगते: मोलॅरिटी तापमानाबरोबर किंचित बदलते, कारण द्रव प्रसरण पावतो. फ्लास्कवर २० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं ते त्यासाठी. मोलॅलिटी मात्र १ किलो द्रावकामागे मोजतात, तिला तापमानाचं काही पडलेलं नसतं. भाचीने जे लिहिलंय ते जवळजवळ १ मोलाल द्रावण झालं!

निळा_लिटमस

उरलेल्या दोन प्रश्नांवर मला जरा सविस्तर लिहायचंय. बरीच वर्षं हा विषय शिकवला आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय: मुलं समीकरणात अडत नाहीत, त्याच्या आधीच अडतात. भांड्यात प्रत्यक्ष काय आहे हे डोळ्यांपुढे नसतं. बाटलीवर लेबल असतं 'बेरियम क्लोराइड' आणि मुलांना वाटतं आत बेरियम क्लोराइडचे कण तरंगताहेत. तसे कण त्यात नसतात. आत आहेत बेरियम आयन, क्लोराइड आयन आणि पुष्कळसं पाणी.

म्हणून समीकरणाला हात लावण्याआधी एक यादी करायची. दोन्ही द्रावणांमध्ये कोणकोणते कण सुटे फिरताहेत? सगळे एका ओळीत लिहायचे. मग विचारायचं की ही द्रावणं एकत्र आल्यावर यादीतून कुणी बाहेर पडतंय का.

सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट घ्या.

मिसळण्याआधीची यादी: सोडियम आयन, क्लोराइड आयन, पोटॅशियम आयन, नायट्रेट आयन.

आता जोड्या बदलून बघा. सोडियम नायट्रेट विद्राव्य, पोटॅशियम क्लोराइडही विद्राव्य. म्हणजे मिसळल्यानंतरची यादी? तीच. चारही आयन आधी सुटे होते, अजून सुटेच आहेत. म्हणून 'अभिक्रिया होत नाही'. कागदावर तुम्ही कितीही सुंदर संतुलित समीकरण लिहिलंत तरी भांड्यात काही घडलेलं नाही.

आता बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट.

यादी: बेरियम आयन, क्लोराइड आयन, सोडियम आयन, सल्फेट आयन.

बेरियम आणि सल्फेट भेटले की बेरियम सल्फेट तयार होतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दोघंही यादीतून बाद, तळाशी पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका. उरले सोडियम आणि क्लोराइड. खरी अभिक्रिया एवढीच:

बेरियम आयन (२+) + सल्फेट आयन (२–) → बेरियम सल्फेट (अवक्षेप)

सोडियम आणि क्लोराइड प्रेक्षक आयन. ते नुसते हजर होते. बेरियम क्लोराइडऐवजी बेरियम नायट्रेट घ्या, सोडियम सल्फेटऐवजी पोटॅशियम सल्फेट घ्या, वरची ओळ जशीच्या तशी राहते. पुस्तकातल्या चार वेगवेगळ्या अभिक्रिया म्हणून मुलं जे पाठ करतात ती चार वेळा लिहिलेली एकच अभिक्रिया असते.

यादीतून बाहेर पडायच्या वाटा शाळेच्या पातळीवर तीन. अवक्षेप होऊन खाली बसणं, वायू होऊन निघून जाणं, किंवा पाण्यासारखा फारसा न फुटणारा रेणू बनणं. तिन्हींपैकी एकही नसेल तर दुहेरी विस्थापन कागदावरच राहतं.

हिशेबी

+१. पण मग काय विद्राव्य आणि काय अविद्राव्य हे पाठ करावं लागणारच की.

निळा_लिटमस

थोडं लागतं. नायट्रेट सगळी विद्राव्य. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे क्षार शाळेत भेटणारे सगळे विद्राव्य. क्लोराइड विद्राव्य, अपवाद चांदी आणि शिसं (शिशाचं क्लोराइड गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, थंड झालं की सुईसारखे स्फटिक दिसतात, दाखवायला फार छान). सल्फेट विद्राव्य, अपवाद बेरियम आणि शिसं, कॅल्शियम जेमतेम. कार्बोनेट आणि फॉस्फेट बहुतेक अविद्राव्य. हायड्रॉक्साइडही, सोडियम, पोटॅशियम आणि बेरियमची सोडून. एवढ्यावर शाळा निभावते.

रानफूल

वाचते आहे. बेरियम विषारी असतं ना? मग एक्स-रेच्या आधी पोटात बेरियम देतात ते कसं चालतं?

निळा_लिटमस

रानफूल, उत्तर वरच्या यादीतच आहे. विषारी असतो तो सुटा बेरियम आयन. तपासणीला देतात ते बेरियम सल्फेट. ते इतकं अविद्राव्य असतं की आयन सुटतच नाहीत, आलं तसं शरीराबाहेर जातं. बेरियम क्लोराइड पोटात गेलं तर मात्र जिवावर बेतेल. दोन्हींत बेरियम आहेच, फरक सुटं असण्यात आहे.

पुनश्च_हरिओम

हे फारच आवडलं. काल भाचीकडून दोन समीकरणं यादी करून सोडवून घेतली, पटकन जमलं. मग विस्थापन अभिक्रियेशी गाडी अडली. जस्ताचा तुकडा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टाकला की निळा रंग फिका होतो आणि तांबं जमा होतं. इथे यादीतून कोण बाहेर पडलं? अवक्षेप नाही, वायू नाही, पाणीही नाही.

प्रयोगवही

इथे आयन बाहेर पडतो तो इलेक्ट्रॉन घेऊन. तांब्याचा आयन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि तांब्याचा अणू होऊन जस्तावर बसतो. इलेक्ट्रॉन जस्ताने दिले, तो आयन होऊन द्रावणात उतरला. सल्फेट प्रेक्षक. निळा रंग पाण्यातल्या तांब्याच्या आयनाचा असतो, तो आयन गेला की रंग गेला. जस्ताचा आयन रंगहीन.

उलट, तांब्याचा तुकडा झिंक सल्फेटमध्ये टाकून ठेवा. कितीही वाट बघा. क्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे कोणता धातू किती सहज इलेक्ट्रॉन देतो त्या क्रमात, तांबं जस्ताच्या खाली आहे.

इथेच समीकरण संतुलित करताना एक सापळा आहे. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टाकली की चांदीचे चकचकीत धागे फुटतात. मुलं लिहितात:

तांबं + चांदीचा आयन (१+) → तांब्याचा आयन (२+) + चांदी

अणू मोजा, बरोबर आहेत. एक तांबं, एक चांदी, दोन्हीकडे. तरी समीकरण चूक आहे! डावीकडे प्रभार १+, उजवीकडे २+. चांदीचे आयन दोन लागणार आणि चांदीचे अणूही दोन मिळणार. आयनिक समीकरणात अणू आणि प्रभार दोन्ही जुळले पाहिजेत.

(सिल्व्हर नायट्रेट हाताला लागू देऊ नका. कातडीवर काळे डाग पडतात आणि बरेच दिवस जात नाहीत.)

शंकासुर

लिटमस सर, तुमच्या यादीवर माझी एक शंका. नुसतं विरघळणं ही अभिक्रिया आहे की नाही? सोडियम क्लोराइड पाण्यात गेलं की सोडियम आणि क्लोराइड सुटे झाले. यादी तर बदलली. मग तो भौतिक बदल कसा?

हिशेबी

भौतिकच. पाणी आटवलं की सोडियम क्लोराइड परत मिळतं.

शंकासुर

परत मिळणं ही कसोटी असेल तर पांढऱ्या निर्जल कॉपर सल्फेटवर पाणी टाकलं की ते निळं होतं, तापवलं की पुन्हा पांढरं होतं. तेही परत मिळालं. त्याला भौतिक बदल म्हणाल?

निळा_लिटमस

शंकासुर, नावाला जागलात. सरळ सांगायचं तर सीमारेषा धूसर आहे. साखर विरघळते तेव्हा तिचे रेणू अखंड राहतात, नुसते एकमेकांपासून दूर होऊन पाण्याने वेढले जातात. त्याला भौतिक बदल म्हणायला कुणाची हरकत नसावी. हायड्रोजन क्लोराइड वायू पाण्यात जातो तेव्हा त्याचा रेणू फुटतो, हायड्रोजन आयन पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम बनतो. ही सरळसरळ अभिक्रिया. सोडियम क्लोराइड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आयन आधीपासून होतेच, स्थायूत जखडलेले होते, पाण्याने सोडवले. परीक्षेत 'भौतिक बदल' लिहा, गुण मिळतील.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते उष्णतेचं. स्थायूतून आयन सोडवायला ऊर्जा लागते आणि पाण्याने त्यांना वेढलं की ऊर्जा मिळते. या दोन्हींची वजाबाकी कोणत्या बाजूला झुकते त्यावर भांडं गार होणार की गरम ते ठरतं. अमोनियम नायट्रेट विरघळताना पात्र गार पडतं. निर्जल कॅल्शियम क्लोराइड टाकलं तर चांगलंच तापतं. सोडियम क्लोराइडच्या बाबतीत दोन्ही बाजू इतक्या जवळ असतात की हाताला काही कळत नाही.

हिशेबी

आणि गरम केलं की जास्त विरघळतं हे सगळ्यांना लागू नाही ना?

प्रयोगवही

नाही. बहुतेक स्थायूंचं तसं होतं, पण प्रमाण फार वेगवेगळं. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट २० अंशांना ३२ ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि ६० अंशांना जवळपास ११० ग्रॅम. म्हणजे ६० अंशांचं संपृक्त द्रावण थंड केलं की ७८ ग्रॅमच्या आसपास स्फटिक हाती लागतात. सोडियम क्लोराइड २० अंशांना ३६ ग्रॅम आणि ६० अंशांना ३७. थंड करून जेमतेम ग्रॅमभर. म्हणून पोटॅशियम नायट्रेटचं शुद्धीकरण थंड करून करतात आणि सोडियम क्लोराइड मिळवायला पाणी आटवावं लागतं.

वायूंचं उलटं. पाणी तापलं की विरघळलेला वायू बाहेर पडतो. ० अंशांना १ लीटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन साधारण १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. पाणी उकळायच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे दिसतात ते वाफेचे नसतात, विरघळलेल्या हवेचे असतात.

पुनश्च_हरिओम

सगळ्यांचे आभार. माझा तीव्र आणि विरलचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हिशेबी

संहत-विरल म्हणजे १ लीटरमध्ये किती मोल घातलेत ते. तीव्र-सौम्य म्हणजे घातलेल्यांपैकी किती फुटून आयन झाले ते. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

निळा_लिटमस

हिशेबींनी दोन वाक्यांत उरकलं, आणि बरोबर उरकलं. पण या दोन वाक्यांवर माझे विद्यार्थी माना डोलवायचे आणि पुढच्याच उदाहरणात चुकायचे. म्हणून मी त्यांना दोन बाटल्या द्यायचो.

पहिल्या बाटलीत ०.००१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल. अतिशय विरल. पण तीव्र, म्हणजे जेवढं घातलं तेवढं सगळं फुटलं. हायड्रोजन आयन ०.००१ मोलार, सामू (pH, सुट्या हायड्रोजन आयनांचं माप, जितका कमी तितके आयन जास्त) ३.

दुसऱ्या बाटलीत ०.१ मोलार ॲसेटिक आम्ल. शंभर पट जास्त आम्ल घातलंय. पण सौम्य, त्यातलं सुमारे १.३ टक्केच फुटतं. सामू सुमारे २.९.

वैश्विक दर्शकाने (सामूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रवाने) बघितलं तर दोन्ही बाटल्या सारख्याच दिसणार. आता दोन्हींतून २५-२५ मिली शंकुपात्रात घ्या आणि ब्युरेटमधून ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. किती लागेल? पहिल्याला पाव मिली. चार-पाच थेंबांत खेळ खलास. दुसऱ्याला पूर्ण २५ मिली.

पुनश्च_हरिओम

थांबा थांबा. सामू सारखा, म्हणजे हायड्रोजन आयन सारखेच. मग अल्क, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, शंभर पट का लागतं?

निळा_लिटमस

कारण न फुटलेले ॲसेटिक आम्लाचे रेणू तिथेच असतात. सुटे हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडने टिपले की आणखी काही रेणू फुटून ती जागा भरतात. ते टिपले की आणखी फुटतात. शेवटचा रेणू संपेपर्यंत हे चालतं. सामू ही हातातली रोकड आणि अनुमापन म्हणजे ठेवीसकट सगळी मालमत्ता. हायड्रोक्लोरिक आम्लाकडे ठेव नसतेच, सगळं रोख.

हिशेबी

मग संहत पण सौम्य असं आम्ल कुठलं?

प्रयोगवही

ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. १७ मोलारच्या पुढे, म्हणजे संहततेची परिसीमा, आणि तरी त्यात आयन नावालाच, कारण फोडायला पाणीच नाही. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी असं समजून बाटली उघडू नका. कातडी भाजते आणि वाफ डोळ्यांना झोंबते.

विरलीकरणाचाही विषय निघालाय म्हणून: बाटलीतलं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलार असतं. त्यातलं २५ मिली घेऊन ५०० मिलीपर्यंत भरलं की वीस पट पातळ, ०.६ मोलार. मोल तेवढेच राहतात, घनफळ वाढतं, एवढंच ते सूत्र. करताना आम्ल पाण्यात ओतायचं, हळूहळू, ढवळत. पाणी आम्लात कधीही नाही. विशेषतः सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत, त्याची घनता पाण्याच्या १.८४ पट. पाणी वर तरंगतं, जिथे भेटतात तिथेच उष्णता साठते, पाणी क्षणात उकळतं आणि आम्ल अंगावर उडतं.

शंकासुर

विरलीकरण करत करत कुठपर्यंत जाता येतं? ०.१ मोलारचा सामू १, ०.०१ चा २, असं दर दहा पटीला एक वाढत गेलं, तर १० चा उणे ८ वा घात एवढ्या मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ यायला हवा. पाण्यात आम्ल टाकून अल्कधर्मी द्रावण मिळालं. शोध लावल्याबद्दल बक्षीस कुठे मिळेल?

हिशेबी

:D गणित तर बरोबर आहे.

निळा_लिटमस

गणित बरोबर, यादी अपुरी. पाण्याचे स्वतःचे आयन राहिले! २५ अंशांना शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन १० चा उणे ७ वा घात एवढे मोलार असतातच. तुमचं आम्ल त्याच्या एक दशांश. दोन्ही धरून, आणि पाणी त्यामुळे थोडं कमी फुटतं हेही धरून, सामू ६.९८ च्या आसपास येतो. ७ च्या पलीकडे तो जात नाही.

जाता जाता, ७ म्हणजे उदासीन हेही २५ अंशांपुरतंच. पाणी तापलं की जास्त फुटतं. ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू साधारण ६.५ असतो, आणि तरी ते उदासीनच, कारण हायड्रॉक्साइडही तेवढेच वाढलेले असतात.

रानफूल

सामू ही कल्पना कुणाची?

निळा_लिटमस

डेन्मार्कचे सोरेन्सन, १९०९. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होते. त्याआधी आम्ल किती घातलं तेवढंच मोजायचे. सोरेन्सननी दाखवलं की विकरांचं (एन्झाइमांचं) काम सुट्या हायड्रोजन आयनांवर अवलंबून असतं.

आणि क्षार पाण्यात गेला की आयन आपोआप सुटे होतात, ही मूळ कल्पना स्वीडनच्या अऱ्हेनियसची, उप्साला विद्यापीठातल्या १८८४ च्या प्रबंधातली. परीक्षकांना ती पटली नव्हती, खालची श्रेणी देऊन त्याला पास केलं. १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच सिद्धांतासाठी मिळालं. तेव्हा, पुनश्चताई, पाण्यात कण सुटे असतात हे पटायला तुम्हाला वेळ लागला तर तो उप्साला विद्यापीठालाही लागला होता.

हिशेबी

माझ्याकडून एक उदाहरण. ०.१ मोलार सिल्व्हर नायट्रेट १०० मिली आणि ०.१ मोलार कॅल्शियम क्लोराइड ५० मिली मिसळलं. मर्यादी अभिक्रियाकारक, म्हणजे आधी संपणारा, कोणता? अवक्षेप किती ग्रॅम?

पुनश्च_हरिओम

मी आणि भाचीने मिळून केलं. सिल्व्हर नायट्रेट ०.०१ मोल, कॅल्शियम क्लोराइड ०.००५ मोल. ती लगेच म्हणाली कॅल्शियम क्लोराइड कमी, तोच मर्यादी. मग तिला यादी करायला लावली. चांदीचे आयन ०.०१ मोल. क्लोराइड आयन मात्र प्रत्येक कॅल्शियममागे दोन, म्हणजे तेही ०.०१ मोल. दोघंही एकदमच संपतात, मर्यादी कुणीच नाही! सिल्व्हर क्लोराइड ०.०१ मोल, १४३.५ ने गुणलं, १.४३५ ग्रॅम. द्रावणात उरले कॅल्शियम आणि नायट्रेट.

हिशेबी

पैकीच्या पैकी.

प्रयोगवही

यादीवर इतकं बोलणं झालंय तर एक निरीक्षण देते. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब टाका, ढवळत राहा. सुरुवातीला बुडबुडे येत नाहीत. पुस्तक म्हणतं कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि मुलं म्हणतात आम्ल खराब आहे. आम्ल चांगलंच असतं. पहिले हायड्रोजन आयन कार्बोनेटला चिकटून बायकार्बोनेट होतं, ते द्रावणातच राहतं. सगळं कार्बोनेट संपल्यावर आणखी आम्ल पडलं की मग वायू सुटतो. तेच उलट करा, आम्लात कार्बोनेट टाका, पहिल्या क्षणापासून फसफसतं. तेच दोन पदार्थ, फक्त ओतायचा क्रम वेगळा.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. करून बघणार.

निळा_लिटमस

मग माझंही एक कोडं. बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दोन कार्बनी कांड्या, जोडीला विजेरी आणि छोटा दिवा. दिवा पेटलेला आहे. आता वरून विरल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब सोडत राहायचं. दिव्याचं काय होईल? पुनश्चताईंनीच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहावं.

पुनश्च_हरिओम

प्रयत्न करते. आधीची यादी: बेरियम, हायड्रॉक्साइड. वरून येताहेत हायड्रोजन आणि सल्फेट. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी, दोघंही गेले. बेरियम आणि सल्फेटचा अवक्षेप, तेही गेले. म्हणजे प्रेक्षक कुणीच उरत नाही! दिवा मंद होत होत विझला पाहिजे. आणि त्यानंतरही आम्ल टाकत राहिलं तर नवे हायड्रोजन आणि सल्फेट आयन सुटेच राहणार, म्हणून पुन्हा पेटला पाहिजे.

निळा_लिटमस

असंच होतं. आता सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर?

पुनश्च_हरिओम

बेरियम क्लोराइड विद्राव्य. हायड्रॉक्साइड जाईल, पण त्याच्या जागी क्लोराइड येईल आणि बेरियम तर आहेच. विझणार नाही. थोडा मंद होईल का, ते नाही सांगता येत.

प्रयोगवही

होतो मंद. हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन आयन पाण्यात बाकीच्यांपेक्षा खूप वेगाने वीज वाहून नेतात. जलद हायड्रॉक्साइडच्या जागी संथ क्लोराइड आला की प्रवाह घटतो, आम्ल जास्त झालं की हायड्रोजनमुळे पुन्हा चढतो. सर्वांत कमी प्रवाह जिथे, तिथे उदासिनीकरण पूर्ण झालं. दर्शक न वापरता अनुमापन करायची ही चांगली पद्धत आहे, गढूळ किंवा रंगीत द्रावणाला तर फारच सोयीची.

प्रयोग करायचा असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर. विजेरीच वापरा, भिंतीतली वीज नको. आणि उरलेलं बेरियमचं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात सोडियम सल्फेट जास्तीचं घाला, अवक्षेप पूर्ण बसू द्या, गाळून तो वेगळ्या डब्यात टाका.

पुनश्च_हरिओम

सोडियम सल्फेट जास्तीचं अशासाठी की एकही बेरियम आयन सुटा राहू नये, बरोबर?

प्रयोगवही

बरोबर.